अर्ध्या सेकंदाचा हिशेब

तुमचा धंदा कोणता, असे कोणी विचारले की माझी मोठी पंचाईत होते. शिंपी कात्री दाखवील, सोनार तराजू दाखवील. मी काय दाखवावे? 'कॉम्प्युटरवर काम करतो' एवढे म्हटले की विचारणाऱ्याचे समाधान होते, पण माझे होत नाही. कारण हल्ली बँकेतला कारकून, तिकीट-खिडकीवरचा बाबू आणि कोपऱ्यावरच्या वाण्याचा धाकटा मुलगा हे सारेच कॉम्प्युटरवर काम करतात. म्हणून मी जरा खुलासा करू लागतो, "वेबसाइटची पाने असतात ना, त्यांवर ज्या वस्तू सरकतात, उमलतात, डुलतात, मावळतात, त्यांची वेळ मी ठरवतो." माझ्या लग्नाच्या बोलण्यात हाच खुलासा मी केला, तेव्हा होणाऱ्या सासऱ्यांनी चहाचा कप खाली ठेवून अगदी शांतपणे विचारले होते, "आणि बाकीचा दिवसभर काय करता?"

त्यांचा प्रश्न वाजवी होता. पडद्यावरचे एखादे चित्र अर्ध्या सेकंदात यावे की पाव सेकंदात, यासाठी एका धडधाकट माणसाने आयुष्य खर्ची घालावे, हे कोणालाही विचित्रच वाटेल. मलाही अधूनमधून वाटे. पण त्या अर्ध्या सेकंदाचा हिशेब चुकला तर काय होते, ते गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर मला कळले. त्याचीच ही हकीकत. मात्र ती नीट समजायची तर धंद्यातल्या चार गोष्टी आधी सांगायला हव्यात. वाचकांनी घाबरू नये. यात गणित थोडे आहे, आणि जे आहे ते झोपाळ्यावर बसून समजण्यासारखे आहे.

वेबचे पान दोन प्रकारच्या लिखाणाने बनते. एक लिखाण सांगते की पानावर काय काय आहे: हे शीर्षक, हा परिच्छेद, हे चित्र, हे बटण. दुसरे सांगते की यांनी कोणता पोशाख घालावा: शीर्षक लाल असावे, अक्षर एवढे मोठे असावे, चित्राभोवती एवढी जागा सोडावी. या दुसऱ्या लिखाणाला 'स्टाईलशीट' म्हणतात. होकोन व्हियुम ली या नॉर्वेच्या गृहस्थाने ही कल्पना १९९४ साली मांडली. तेव्हा तो जिनिव्हाजवळच्या 'सर्न' या प्रयोगशाळेत होता. वेबचा जन्मही तिथलाच. पुढे बर्ट बॉस हा डच गृहस्थ त्याला येऊन मिळाला आणि १९९६ च्या डिसेंबरात स्टाईलशीटची पहिली अधिकृत आवृत्ती निघाली.

या पहिल्या आवृत्तीत रंग होते, अक्षरे होती, समास होते, हालचाल नव्हती. पण माणसाला हलत्या वस्तूची हौस फार. नेटस्केप नावाच्या ब्राउझरने अक्षरांना डोळे मिचकवायला लावणारी एक खूण काढली होती. ती इतकी त्रासदायक होती की अखेरीस ब्राउझरांनी ती सोडून दिली. फायरफॉक्सने तिला २०१३ साली निरोप दिला. इंटरनेट एक्सप्लोररने पानावर आडवी धावणारी पट्टी आणली. कित्येक कचेऱ्यांच्या संकेतस्थळांवर 'महत्त्वाची सूचना' या पट्टीवरून धावत जाताना वाचकांनी पाहिली असेल. आणि सूचनेतली तारीख वाचेपर्यंत ती पलीकडे पसार झाल्याचेही अनुभवले असेल.

मग २००७ साली ॲपल कंपनीच्या वेबकिट या ब्राउझर-यंत्रावर काम करणाऱ्या मंडळींनी ठरवले की हालचालही स्टाईलशीटमधूनच सांगता यावी. २००९ च्या मार्चमध्ये त्याचा पहिला अधिकृत मसुदा प्रसिद्ध झाला, आणि माझ्यासारख्यांच्या पोटापाण्याची सोय झाली.

यातली मूळ युक्ती ऐकली की मला दादासाहेब फाळके आठवतात. 'राजा हरिश्चंद्र' काढण्याआधी, १९१२ साली, त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ चित्रित केली. कुंडीतले रोप थोड्या थोड्या वेळाने टिपायचे, आणि पडद्यावर कित्येक दिवसांची वाढ क्षणात दाखवायची. पडद्यावरचा काळ आपल्या मुठीत असतो, हे आपल्याकडे प्रथम ओळखले ते या माणसाने. फाळक्यांना मधले प्रत्येक चित्र घ्यावे लागले. आम्हाला तेवढेही कष्ट नाहीत. आम्ही फक्त मुक्कामाची स्थाने सांगतो: आरंभी रोप एवढे, शेवटी तेवढे. मधली चित्रे ब्राउझर स्वतः काढतो, आणि साधारणतः सेकंदाला साठ काढतो. म्हणजे एका चित्राच्या वाट्याला सेकंदाचा साठावा भाग येतो.

त्यासाठी ब्राउझर आम्हाला काही प्रश्न विचारतो. हालचाल किती वेळ चालावी? ती लगेच सुरू व्हावी की थोडे थांबून? एकदाच व्हावी, तीनदा व्हावी, की अखंड? टोकाला पोचल्यावर पुन्हा पहिल्यापासून यावे की आल्या वाटेने परत जावे? सुरू होण्याआधी आणि संपल्यानंतर वस्तूने कोणत्या अवस्थेत राहावे? हे सारे प्रश्न सोपे वाटतात. खरा कस लागतो तो पुढच्या प्रश्नाला: ठरलेल्या वेळात वेगाची वाटणी कशी करावी?

स्वारगेटहून निघालेली एस.टी. पहा. ती फलाटावरून एकदम साठच्या वेगाने सुटत नाही. आधी गुरगुरते, मग हलते, मग धावू लागते, आणि थांबा आला की हळूहळू मंदावते. झोपाळा टोकाला जाऊन क्षणभर रेंगाळतो, मध्यावर सर्वांत जोरात असतो आणि दुसऱ्या टोकाला पुन्हा रेंगाळतो. जगात वजन असलेली कोणतीही वस्तू अशीच हलते. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच वेगाने सरकणारी वस्तू डोळ्याला मेलेली वाटते. डिस्नेच्या चित्रकारांना हे पक्के ठाऊक होते. त्यांच्यापैकी फ्रँक टॉमस आणि ऑली जॉन्स्टन या दोघांनी १९८१ साली लिहिलेल्या ग्रंथात 'सावकाश निघा, सावकाश पोचा' हा नियम सांगून ठेवला आहे.

स्टाईलशीटमध्ये ही वाटणी चार आकड्यांत सांगतात. एक आलेख कल्पावा: आडव्या रेषेवर वेळ, उभ्या रेषेवर किती काम झाले ते. दोन टोके ठरलेली. मधली रेघ कशी वाकवायची ते हे चार आकडे ठरवतात. रेघ सरळ ठेवली तर वेग एकसारखा. सुरुवातीला चपटी ठेवली तर हालचाल आळसावून निघते. शेवटी चपटी ठेवली तर सावकाश येऊन टेकते. आपण काहीच सांगितले नाही तर ब्राउझर स्वतःच्या मनाने ०.२५, ०.१, ०.२५ आणि १ हे आकडे धरतो. ही वाकडी रेघ मूळची मोटारींच्या कारखान्यातली आहे. रेनॉ कंपनीचा इंजिनिअर पिएर बेझिए याने गाड्यांच्या पत्र्याची वळणे आखण्यासाठी १९६० च्या दशकात ती वापरात आणली, म्हणून तिला त्याचे नाव आहे. सित्रोएन कंपनीत पॉल द कास्तेल्जो १९५९ साली त्याच वाटेने गेला होता.

या आकड्यांत मला एक गंमत फार आवडते. उभ्या रेषेवरचे दोन आकडे एकाच्या पुढे गेले तरी चालतात. मग वस्तू मुक्कामाच्या थोडी पलीकडे जाऊन मागे येते, जोरात लोटलेले दार जसे चौकटीशी जरा धडपडून मग स्थिरावते तसे. पण आडव्या रेषेवरचे दोन आकडे शून्य आणि एक यांच्यामध्येच असावे लागतात. कारण ती रेषा काळाची आहे, आणि काळाला मागे जाता येत नाही. तसा आकडा लिहिलाच तर ब्राउझर ती सूचना सरळ टाकून देतो.

आता हकीकतीकडे वळतो.

* * *

माझे मामा मिरजेपासून जवळच एका गावी राहतात. शेती थोडी, आणि पखवाज पुष्कळ. गावच्या भजनी मंडळात चाळीस वर्षे वाजवतात. दोन वर्षांपूर्वी दिवाळीला मी त्यांना स्वतः केलेले एक शुभेच्छा-पान पाठवले. वर आकाशकंदील डुलतो आहे, खाली अकरा पणत्या तेवत आहेत. पान पाहून मामांचा फोन आला.

"पणत्या झकास आहेत रे. पण कंदिलाला उचकी लागलीय."

"उचकी? कसली उचकी, मामा?"

"मधोमध आला की थबकतो लेका! टांगलेली वस्तू मध्यावर थबकते का कधी? मध्यावर तर तिचा जोर असतो."

मी पान उघडून पुन्हा पाहिले, आणि कान धरले. झाले होते असे: कंदिलासाठी मी तीन मुक्काम सांगितले होते, डावे टोक, मध्य आणि उजवे टोक. 'सावकाश नीघ, सावकाश पोच' ही सूचनाही दिली होती. माझी समजूत अशी की ही सूचना सबंध झोक्याला लागू होईल. पण ब्राउझर ती दर दोन मुक्कामांच्या मधल्या टप्प्याला निरनिराळी लावतो. म्हणजे कंदील डावीकडून निघून मध्यावर सावकाश पोचला, तिथून पुन्हा सावकाश निघाला. हीच ती उचकी! मधला मुक्काम काढून टाकला, फक्त दोन टोके ठेवली, आणि आल्या वाटेने परत जायला सांगितले. कंदील झोपाळ्यासारखा डुलू लागला. पंधरा वर्षे या धंद्यात असलेल्या माणसाची चूक कॉम्प्युटरला कधी हात न लावलेल्या पखवाज्याने फोनवरून काढली.

पणत्या मात्र खरोखर साधल्या होत्या. अकरा ज्योती एकाच वेळी लवल्या असत्या तर त्या कवायत करणाऱ्या पोरांसारख्या दिसल्या असत्या. म्हणून प्रत्येकीला वेगळी 'उणी' प्रतीक्षा दिली होती. एखाद्या ज्योतीला 'दोन सेकंद थांबून सुरू हो' असे सांगता येते, तसेच 'उणे दोन सेकंद' असेही सांगता येते. त्याचा अर्थ, 'तू दोन सेकंदांपूर्वीच सुरू झाली आहेस असे समज.' पान उघडताच प्रत्येक ज्योत आपापल्या कामाच्या मध्यात असते. कोणी झुकते आहे, कोणी सावरते आहे. घरातल्या पणत्यासुद्धा आपण बघायला लागण्याआधीपासून जळतच असतात, नाही का?

त्या दिवसापासून मामांना माझ्या धंद्याचा अर्थ कळला, असे ते म्हणत. गावात सांगत, "भाचा आमचा ठेका धरतो, पण कॉम्प्युटरवर."

* * *

पुढे मला एका डोळ्यांच्या दवाखान्याचे काम मिळाले. दवाखान्याचे नाव सांगत नाही, कारण दोष त्यांचा नव्हता. काम साधे होते. रोग्याने मोबाईलवर पान उघडावे, नंबर लावावा, लावलेला नंबर पाहावा, नको असल्यास रद्द करावा. पण साधे काम साधेपणाने करील तो कारागीर कसला? मी ते पान सजवले. पान उघडताच आधी कोरी पांढरी जागा. मग दवाखान्याचे बोधचिन्ह कमळासारखे उमले. त्याला एक पूर्णांक दोन दशांश सेकंद दिले. मग एकेक ओळ, एकेक बटण ०.४ सेकंदाच्या अंतराने जागच्या जागी उजळत जाई; अशा सात वस्तू. शेवटची सातवी वस्तू म्हणजे 'नंबर रद्द करा' हे बटण. ते पुरते दिसू लागायला साडेचार सेकंद लागत. काम झाल्याचा निरोप खालून हळूच वर येई आणि दीड सेकंद थांबून तितक्याच नजाकतीने खाली जाई. दवाखान्याच्या मालकांनी माझ्या कचेरीतल्या मोठ्या पडद्यावर ते पाहिले आणि टाळी वाजवली.

मामींच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. एका डोळ्याचे काम आधीच झाले होते. दुसऱ्याच्या शस्त्रक्रियेचा दिवस दिवाळीच्या आठ दिवस आधीचा मिळाला होता. मामींना त्याची घाई होती, कारण अंगणातली रांगोळी. चाळीस वर्षे ठिपके मोजून काढलेली रांगोळी एका डोळ्याने जमत नाही, अंतर चुकते, असे त्या म्हणायच्या.

ठरल्या दिवशी पहाटेच्या एस.टी.ने दोघे दवाखान्यात पोचले. यादीत मामींचे नावच नव्हते. आदल्या रात्री नंबर रद्द झाला होता आणि ती जागा दुसऱ्या रोग्याला गेली होती. मामा खिडकीवरच्या मुलीला म्हणाले, "बाळ, जरा नीट बघ. हे पान आमच्या भाच्यानंच केलंय." ते वाक्य त्यांनी मला नंतर फोनवर सांगितले, अगदी सहज, पण ते अजून माझ्या कानांतून जात नाही.

पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली, म्हणजे दिवाळी उलटल्यावर.

दवाखान्याने मला विचारले. मी नोंदी पाहिल्या. आदल्या रात्री सव्वाआठला मामांच्याच मोबाईलवरून नंबर रद्द झाला होता. तिथले व्यवस्थापक म्हणाले, "वयस्क माणसं, काहीतरी दाबून बसतात." आणि लिहायला लाज वाटते, पण मीही "हो, तसंच झालं असेल," असे म्हणालो.

रविवारी गावी गेलो. मामांच्या हातात त्यांचा मोबाईल दिला आणि म्हटले, "मामा, त्या रात्री काय केलंत ते मला जसंच्या तसं करून दाखवा." मामांनी चष्मा शोधला, पान उघडले. पडदा कोरा. मामा थांबले. एक, दोन, तीन. "हे असं पांढरंच राहतं बघ," ते म्हणाले, "म्हणून मी जरा डिवचतो." आणि त्यांनी कोऱ्या पडद्यावर खालच्या अंगाला दोनदा बोट टेकवले.

मला घाम फुटला. स्टाईलशीटने अदृश्य केलेली वस्तू पानावरून गेलेली नसते. तिचा रंग शून्यावर आणला, तरी ती आपल्या जागी बसलेलीच असते आणि बोट लागले तर काम करते. ज्या कोऱ्या जागेवर मामांचे बोट पडले तिथे 'नंबर रद्द करा' हे बटण अंधारातल्या पायरीसारखे दबा धरून होते. त्या रात्री मामांना फक्त वेळ पुन्हा एकदा पाहायची होती. त्यांनी कोरा पडदा डिवचला, आणि नंबर रद्द झाला. "खात्री आहे का?" असे विचारायची पायरी मी 'एक पाऊल कमी' म्हणून गाळली होती. रद्द झाल्याचा निरोप आला खरा; पण मामांनी चष्मा सारखा करेपर्यंत दीड सेकंद संपला आणि निरोप नजाकतीने निघून गेला.

जे लगेच यायला हवे होते ते साडेचार सेकंदांनी आले; जे थांबायला हवे होते ते दीड सेकंदात गेले. दोन्ही आकडे माझ्या हातचे.

मी मामांना सारे सांगितले. लपवले नाही. मामी आतून ऐकत होत्या. त्या बाहेर येऊन म्हणाल्या, "मी तर ते पान बघतच नाही बाई. सरकायला लागलं की एस.टी.त बसल्यासारखं गरगरतं मला. म्हणून ह्यांना बघायला सांगते."

मामा थोडा वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "तुझ्या पणत्या बघून मला वाटलं होतं, तुला ठेका कळतो. तो कळतोच. पण भजनात मी आधी कोणाकडे बघतो, सांग."

"बुवांकडे."

"बुवांच्या तोंडाकडे. त्यांनी श्वास घेतला की मी हात उचलतो. माझ्या हाताला सुरसुरी आली म्हणून मी तुकडे वाजवत बसलो आणि बुवांना तोंड उघडू दिलं नाही, तर लोक मला उठवून लावतील. तू बुवांना साडेचार सेकंद गप्प बसवलंस, लेका."

* * *

पुण्याला परत आलो तो दुसऱ्या दिवशी सकाळी त्या पानासमोर बसलो. या विषयावर शहाण्या माणसांनी बरेच सांगून ठेवले आहे. मला ते ठाऊकही होते, फक्त मी ते इतरांच्या पानांसाठी आहे असे समजत होतो. यंत्राने सेकंदाच्या दहाव्या भागात उत्तर दिले तर ते ताबडतोब मिळाल्यासारखे वाटते. एका सेकंदापर्यंत विचाराची साखळी तुटत नाही. दहा सेकंदांपुढे माणूस दुसरीकडे बघू लागतो. रॉबर्ट मिलर याने १९६८ साली या प्रकारचे हिशेब मांडले होते, आणि याकोब नील्सन याने १९९३ साली ते तीन आकड्यांत बसवले. माझे साडेचार सेकंद यांत कुठे बसत होते?

बटणांची प्रतीक्षा मी शून्य केली. पान उघडताच ती हजर. ज्या थोड्या वस्तू सरकत येतात त्यांना एक पंचमांश सेकंद दिला, आणि वेगाची वाटणी अशी केली की त्या चटकन निघतात व सावकाश टेकतात. आलेल्या पाहुण्याने दारात रेंगाळू नये, पण बसताना धाडकन बसू नये, तसे. रद्द करण्याआधी प्रश्न विचारला जातो. रद्द झाल्याचा निरोप माणूस स्वतः मिटवीपर्यंत जागचा हलत नाही.

मग मामींच्या गरगरण्याकडे वळलो. हा काही वहीम नव्हे. आपल्या कानाच्या आतल्या भागात तोल सांभाळणारी यंत्रणा असते. डोळे सांगतात, 'सारे हलते आहे'. कान सांगतो, 'काहीच हलत नाही'. या भांडणात काही माणसांना घेरी येते, मळमळते. २०१३ साली ॲपलने मोबाईलची नवी प्रणाली आणली, तिच्यात चित्रे पुढेमागे झेपावत, तेव्हा असा त्रास झाल्याच्या तक्रारी पुष्कळ आल्या. मोबाईलमध्ये हालचाल कमी करण्याची सोय असते. २०१७ पासून ब्राउझर ती निवड स्टाईलशीटलाही कळवू लागले. म्हणजे स्टाईलशीटमध्ये एवढेच लिहायचे की, 'समोरच्याने हालचाल नको म्हटले असेल, तर वस्तू सरकवू नकोस, जागच्या जागी दाखव.' चार-पाच ओळींचे काम. मी ते केले नव्हते.

याहून भयंकर प्रसंग जगाने पाहिला आहे. १६ डिसेंबर १९९७ रोजी जपानमध्ये टेलिव्हिजनवर 'पोकेमॉन' या मुलांच्या चित्रमालिकेचा एक भाग दाखवला गेला. त्यात तांबडा आणि निळा प्रकाश काही सेकंद अतिशय वेगाने लुकलुकला. सुमारे ६८५ जणांना, त्यांत बहुतेक मुलेच, रुग्णालयांत न्यावे लागले. लुकलुकण्याचा वेग हा तिथे आरोग्याचा प्रश्न झाला. वेबच्या पानांसाठी २००८ साली जे सुगम्यतेचे नियम ठरले, त्यांत म्हणूनच दोन गोष्टी स्पष्ट लिहिल्या आहेत. कोणतीही गोष्ट एका सेकंदात तीनपेक्षा अधिक वेळा लखलखू नये. आणि आपोआप सुरू होणारी हालचाल इतर मजकुराशेजारी पाच सेकंदांहून जास्त चालणार असेल, तर ती थांबवण्याची किल्ली वाचकाच्या हाती द्यावी. माझा डुलता कंदीलही या दुसऱ्या नियमात सापडला. आता त्याच्या खाली एक लहानसे 'थांबवा' असते.

दवाखान्याच्या मालकांना मी नवे पान दाखवले. त्यांचा चेहरा पडला. "पहिलं जास्त शोभिवंत होतं हो," ते म्हणाले. मी त्यांना काय घडले ते सांगितले, माझी चूक कबूल केली आणि जास्तीच्या कामाचे पैसे घेतले नाहीत. नवे पान त्यांनी ठेवून घेतले.

गेल्या दिवाळीत मामींच्या अंगणात रांगोळी होती, पण ती शेजारच्या मुलीने काढली होती. मामी पायरीवर बसून तिला ठिपके सांगत होत्या. मी फराळाचे ताट घेऊन शेजारी बसलो, पण चकलीचा तुकडा घशाखाली उतरेना. मामी एका शब्दाने काही बोलल्या नाहीत, उलट मला आणखी दोन करंज्या वाढल्या. शस्त्रक्रिया पुढे पार पडली. दृष्टी छान आली.

या वर्षी दसऱ्यानंतर पुन्हा गावी गेलो होतो. मामींना तपासणीसाठी नंबर लावायचा होता. त्यांच्या मोबाईलमधली हालचाल मी आधीच बंद करून दिली होती. म्हटले, "मामी, आज तुम्हीच लावा." त्यांनी जरा घाबरतच पान उघडले. बोधचिन्ह उमलले नाही, ओळी सरकल्या नाहीत. सारे समोर होते तसे होते. त्यांनी तारीख निवडली, बटण दाबले. 'आपला नंबर लागला आहे' हा निरोप आला आणि थांबला. त्यांनी तो सावकाश, ओठ हलवीत, शेवटच्या अक्षरापर्यंत वाचला. मग मिटवला.

"झालं?" त्यांनी विचारले.

"झालं."

"गरगरलं नाही की काही! हलतच नाही ते आता." त्या खूश झाल्या होत्या. मग एकदम काही आठवल्यासारखे करून त्यांनी विचारले, "पण मग यात तू केलंस ते काय रे?"

मामा खुंटीवरून पखवाज काढीत होते. ते हसू लागले. मी काय सांगणार? माझ्या सासऱ्यांनाही या प्रश्नाचे उत्तर मी अजून दिलेले नाही.